मेक्सिकन घेवड्याचे पदार्थ, कमी चरबीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीच्या निमित्ताने आम्ही पाच वर्षं मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात राहिलो. घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर राहायच्या. त्यांच्या शेगडीवर घेवड्याचं मडकं नाही असा दिवस मला आठवत नाही. मला यातलं जे काही येतं, ते त्यांच्या शेजारी उभं राहून शिकलेलं आहे. पुण्याला परतल्यावर हे पदार्थ लोकांना वाढायला लागले आणि प्रश्न सुरू झाले. मैत्रिणी विचारतात, त्यांच्या सुना विचारतात, टेक्सासमधल्या भाच्या रात्री-अपरात्री विचारतात. तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून इथे एकत्र केले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ताई, फ्रिहोलेस म्हणजे आपला राजमाच ना?

वनस्पती तीच, फॅसिओलस व्हल्गॅरिस. राजमा, काळा घेवडा, ठिपक्यांचा पिंतो ही सगळी तिचीच भावंडं. हे पीक अमेरिका खंडातलं, मेक्सिको हे त्याच्या मूळ ठिकाणांपैकी एक, आणि आपल्याकडे ते कोलंबसानंतरच्या दर्यावर्दी व्यापारातून आलं. म्हणजे राजमा इथे पाहुणा आहे.

तिकडे प्रांतागणिक घेवडा बदलतो. वेराक्रूझ, ओआहाका, युकातान या दक्षिणेकडच्या आणि आखाताच्या पट्ट्यात काळा. उत्तरेत पिंतो. पश्चिमेकडे फिकट पिवळा पेरुआनो. पुएब्ला-त्लाश्कालाकडे टपोरा आयोकोते, पण ती जवळची वेगळी जात. आपल्याकडे पिंतोला सगळ्यात जवळचा म्हणाल तर सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन आहे. अंगावर पट्टे, साल पातळ, शिजल्यावर लोण्यासारखा. खालच्या कृतींत जिथे पिंतो म्हटलंय तिथे मी पुण्यात वाघ्याच वापरते.

२. हे पदार्थ मुळातच जड असतात का? सगळं चरबीत आणि चीजमध्ये बुडालेलं दिसतं.

मुळात नाहीत. रोजच्या मेक्सिकन घरातला घेवडा म्हणजे पाण्यात कांदा आणि एक रानपाला घालून शिजवलेला, रश्श्यासकट वाटीत वाढलेला. त्याला म्हणतात फ्रिहोलेस दे ला ओया, मडक्यातला घेवडा. डुक्कर मेक्सिकोत आलं स्पॅनिशांबरोबर, सोळाव्या शतकात. त्याआधी तिथलं स्वयंपाकघर मुख्यतः उकडण्याचं, वाफवण्याचं आणि तव्यावर भाजण्याचं होतं. चरबीत परतणं नंतर रुजलं आणि आता तेही परंपरेचाच भाग आहे. त्याला मी नावं ठेवणार नाही. पण चरबी कमी केली की पदार्थ 'खोटा' होतो, हे मात्र मला मान्य नाही. तो त्याच्या जुन्या रूपाच्या जवळ जातो.

शिजवलेल्या काळ्या घेवड्याच्या एका कपात, म्हणजे साधारण १७० ग्रॅममध्ये, सुमारे २२५ उष्मांक, १५ ग्रॅम प्रथिनं आणि १५ ग्रॅम तंतू असतात. स्निग्धांश जेमतेम १ ग्रॅम. म्हणून मी घेवड्याला हात लावत नाही. वरून पडणारी चरबी, मीठ, साय आणि तळलेले तुकडे एवढंच कमी करते.

३. मग सुरुवात कुठून करू? एकच कृती सांगा जी सगळीकडे चालेल.

मडक्यातला घेवडा. खालचे जवळपास सगळे पदार्थ यातूनच निघतात.

पाव किलो घेवडा निवडून धुऊन भिजवा (भिजवण्याबद्दल प्रश्न ४). ताज्या ६-७ कप पाण्यात टाका, अर्धा कांदा आणि लसणाच्या दोन पाकळ्या अख्ख्याच घाला. उघड्या पातेल्यात आधी १० मिनिटं खळखळून उकळी, मग मंद आचेवर दीड-दोन तास. पाणी कमी झालं तर उकळतंच घाला. दाणा मऊ होत आला की १ चमचा मीठ आणि एपासोते या उग्र वासाच्या मेक्सिकन पाल्याची एक डहाळी (नसेल तर प्रश्न १२). कुकरमध्ये भिजलेला काळा घेवडा पूर्ण दाब आल्यावर मंद आचेवर १०-१२ मिनिटांत होतो, राजमा १५-२० मिनिटांत. दाणा दोन बोटांत चेपला की पिठूळ व्हावा, मध्ये कच लागता कामा नये.

पुएब्ला समुद्रसपाटीपासून २,१०० मीटरहून उंच आहे. तिथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे घेवडा शिजता शिजत नाही. पहिल्या महिन्यात मी रोज जेवायला उशीर करायचे. पुण्यात तो त्रास नाही.

टोमॅटो, लिंबू, चिंच असं काहीही आंबट दाणा पुरता शिजल्यावरच घाला. आधी घातलं की साल आवळून बसते. मिठाने मात्र तसं होत नाही. भिजवण्याच्या पाण्यात थोडं मीठ टाकलं तर साल उलट मऊच होते.

आणि रस्सा फेकू नका. त्याची चव आणि दाटपणा पुढे चरबीची जागा घेतो.

४. भिजवायचं की नाही? पोटात वायू धरतो हो.

मेक्सिकोत यावर घराघरांत दोन पक्ष आहेत. काळा घेवडा बरेच जण न भिजवताच शिजवतात, कारण भिजवलेलं पाणी टाकलं की रश्श्याचा शाईसारखा रंगही जातो. त्या वर्षीचा ताजा घेवडा असेल तर न भिजवता छान शिजतो. आपल्या दुकानातला किती जुना आहे ते कळत नाही, म्हणून मी रात्रभर भिजवते.

वायू होतो तो राफिनोज, स्टॅकिओज या शर्करांमुळे. त्या आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात. भिजवलेलं पाणी टाकलं की त्यातल्या काही निघून जातात. त्याहून उपयोगी पडते ती सवय. पहिले दोन आठवडे दिवसाला पाव वाटीच खा, मग हळूहळू वाढवा. एकदम दोन वाट्या रेफ्रितोस (परतून घोटलेला घेवडा, प्रश्न ६) खाऊन घेवड्याला दोष देऊ नका. लाल राजमा असेल तर भिजवणं ऐच्छिक नाही, त्यासाठी प्रश्न १४ जरूर वाचा.

५. लवकर शिजावं म्हणून खायचा सोडा घातला तर?

शिजेल. पण सोड्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि जास्त पडला तर साबणासारखी चव येते. शिवाय सोड्यातून सोडियम जातं ते वेगळंच. कुकर असताना गरज नाही.

६. रेफ्रितोस म्हणजे दोनदा तळलेले ना? ते कमी तेलात कसे जमतील?

दोनदा तळत नाहीत. मेक्सिकन बोलीत शब्दाआधी लागणारा 'रे' पुष्कळदा 'चांगलं', 'अगदी' अशा अर्थाने येतो. रेफ्रितो म्हणजे चांगला परतलेला. घेवडा आधी शिजवलेला, मग एकदाच परतून घोटलेला.

आमच्या घरमालकीणबाई ३ कप शिजलेल्या घेवड्याला ४ टेबलस्पून डुकराची चरबी घ्यायच्या. तेवढ्या चरबीचे सुमारे ४६० उष्मांक आणि २० ग्रॅमच्या आसपास संपृक्त स्निग्धांश होतो. मी १ टेबलस्पून तेलात करते. पण बाकी काही न बदलता नुसतं तेल कमी केलं तर रेफ्रितोस कोरडे आणि भुसभुशीत होतात. मी दोनदा वाया घालवल्यावर जे हाती आलं ते असं.

अर्धा कांदा अगदी बारीक चिरून तेलात मंद आचेवर परता. पाच मिनिटांत नव्हे, चांगला बारा-पंधरा मिनिटं, कडा गडद तांबूस होईपर्यंत. तळाला चिकटायला लागला की तेल नको, घेवड्याचा रस्सा चमचाभर शिंपडा. चव इथेच तयार होते. मग दाणे रश्श्याशिवाय घाला आणि पावभाजीच्या मॅशरने घोटा. निम्मे घोटले गेले की अर्धा कप रस्सा, तो आटला की पुन्हा अर्धा कप. शेवटी कढई हलवली की सगळा गोळा एकत्र सरकतो, कडेला चिकटत नाही. तिथे गॅस बंद करा, गार झाल्यावर ते आणखी आळतात.

मिक्सरमध्ये फिरवू नका. काही दाणे अर्धवट राहिले की तोंडाला तूप-तेलाची आठवण होत नाही.

७. डुकराच्या चरबीऐवजी साजूक तूप घातलं तर पौष्टिक होईल ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, म्हणून स्पष्ट सांगते: संपृक्त स्निग्धांश कमी करायचा असेल तर नाही. डुकराच्या चरबीत तो साधारण ४० टक्के असतो, तुपात ६० च्या वर, खोबरेल तेलात ८० च्या वर. शाकाहारासाठी तूप घेत असाल तर जरूर घ्या, पण चमचाभरच. वनस्पती तूप नको. रोजच्यासाठी शेंगदाण्याचं तेल चांगलं, घेवड्याशी त्याची चव जुळते. आणि तुम्ही मांसाहारी असाल, चरबीची चवच हवी असेल, तर तीसुद्धा १ चमचा वापरायला माझी हरकत नाही. फरक प्रमाणाने पडतो.

८. फ्रिहोलेस चार्रोस बेकनशिवाय? आमच्याकडे मांसाहार नाही.

चार्रो म्हणजे मेक्सिकन घोडेस्वार. उत्तरेकडचा हा पिंतोचा पातळ रस्सा, त्यात बेकन, चोरीसो (मसालेदार डुकराचं सॉसेज), कधी साधं सॉसेज. बिअर घातली की तोच 'बोर्राचोस', म्हणजे झिंगलेला.

बेकनकडून या पदार्थाला तीन गोष्टी मिळतात: धूर, मीठ आणि चरबी. आपल्याला फक्त धूर हवा. टोमॅटो, कांदा, हिरव्या मिरच्या तव्यावर तेलाशिवाय साल काळी पडेपर्यंत भाजा आणि ओबडधोबड चिरा. चिपोत्ले मिळाली तर एक पुरते. ती पिकून धुरावर वाळवलेली हालापेन्यो मिरची. नाही मिळाली तर चिमूटभर स्मोक्ड पाप्रिका चालते. किंवा निखारा वाटीत ठेवून त्यावर तेलाचा थेंब टाका आणि पातेल्यावर दोन मिनिटं झाकण ठेवा. हे सगळं प्रश्न ३ मधल्या घेवड्यात रश्श्यासकट घालून १५ मिनिटं उकळा, वर भरपूर कोथिंबीर.

मांसाहारी घरात सहा जणांत ५० ग्रॅम बेकन पुष्कळ होतं. आधी ते एकटं परता, सुटलेली चरबी ओतून टाका आणि मीठ सगळ्यात शेवटी चाखून घाला.

९. युकातानचा 'फ्रिहोल कोन पुएर्को' हलका करता येतो का?

काळा घेवडा आणि डुकराचं मांस, युकातानमध्ये सोमवारचं ठरलेलं जेवण. चरबीवाल्या तुकड्यांऐवजी खांद्याचं कमी चरबीचं मांस घ्या, आदल्या दिवशी शिजवून फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी वर थिजलेला पांढरा थर काढून टाका. भात थोडा, पण ताटातला बाकीचा थाट कमी करू नका: चिरलेला मुळा, कांदा, कोथिंबीर, लिंबू, ॲव्होकाडोची फोड आणि भाजक्या टोमॅटोची चटणी, चिल्तोमाते. लिंबू केवळ चवीसाठी नाही, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे घेवड्यातलं लोह अंगी जास्त लागतं. म्हणून जेवणाला लागूनच चहा नको, चहा उलटं काम करतो.

१०. एन्फ्रिहोलादास आणि सोपा तारास्का, दोन्हींत तळण आहे. तळणाशिवाय?

एन्फ्रिहोलादास म्हणजे घेवड्याच्या दाट सारात बुडवून घडी घातलेल्या मक्याच्या तोर्तिया, म्हणजे तिकडच्या पातळ पोळ्या. तोर्तिया आधी तेलातून काढतात, कारण तशी ती सारात विरघळत नाही. तेल टाळायचं तर तोर्तिया तव्यावर दोन्ही बाजूंनी चांगली भाजून किंचित कडक करा. सार कढीइतकं पातळ ठेवा आणि बुडवा-काढा इतक्याच वेळात ताटात घ्या. सगळ्यांच्या एकदम करून ठेवू नका, लगदा होतो. ओआहाकात या सारात ॲव्होकाडोचं भाजलेलं पान वाटतात, त्याला बडीशेपेसारखा वास असतो. वर त्यांची साय घालतात, मी चक्का दुधात सैल करून चमचाभर घालते.

सोपा तारास्का मिचोआकान प्रांतातलं, 'सोपा' म्हणजे सूप. २०१० साली युनेस्कोने मेक्सिकन पाककलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ते याच प्रांताचा दाखला धरून. घेवडा, टोमॅटो आणि वाळवलेली आंचो मिरची यांचं हे सूप एरवी हलकंच आहे. तळलेल्या तोर्तियाच्या पट्ट्यांऐवजी तव्यावर खाकऱ्यासारख्या दाबून भाजलेल्या पट्ट्या घाला, त्याही वाढताना.

११. मुळातच पौष्टिक, काहीही बदलायला लागणार नाही असा पदार्थ आहे का?

आहे, त्लाकोयो. आणि मला तो सगळ्यात प्रिय आहे.

मध्य मेक्सिकोच्या बाजारांत बायका टोपली घेऊन बसतात. मक्याच्या ओल्या पिठाचा गोळा हातावर थापायचा, आत घोटलेला घेवडा भरायचा, दोन्ही टोकांना निमुळता लांबट आकार द्यायचा आणि मातीच्या किंवा लोखंडी कोमालवर, म्हणजे तव्यावर, तेलाचा थेंब न घालता भाजायचा. निळ्या मक्याचा असेल तर रंग ढगाळ निळसर. वर निवडुंगाच्या फड्याची कोशिंबीर, साल्सा, किसलेलं चिमूटभर चीज. पुरणपोळी भरणारा हात असेल तर तुम्हाला पहिल्याच दिवशी जमेल.

मका आणि घेवडा एकत्र का? मक्याच्या प्रथिनांत लायसिन हे अमायनो आम्ल कमी पडतं, घेवड्यात मिथिओनिन. एकमेकांची उणीव भरून निघते, जशी आपल्या वरण-भातात. मिल्पा नावाच्या तिथल्या शेतातही दोघं एकत्रच वाढतात: घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढतो, खाली भोपळा पसरतो.

पण नुसतं मक्याचं पीठ चालणार नाही, त्याला चिकटपणा नसतो. मका चुन्याच्या पाण्यात शिजवावा लागतो, त्याला निश्तामाल म्हणतात. १ किलो वाळलेल्या मक्याला ३ लिटर पाणी आणि १० ग्रॅम खायचा चुना. अर्धा-पाऊण तास मंद उकळा, रात्रभर तसाच ठेवा, सकाळी चोळून धुऊन वाटा. चुन्यामुळे साल सुटते, पीठ बांधून येतं, कॅल्शियम वाढतं आणि मक्यात अडकलेलं नायासिन शरीराला मिळतं. युरोपने मका नेला पण ही रीत नेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायासिनच्या अभावाचा रोग, झाला. घरी वाटण्याची दगदग नको असेल तर अशाच मक्याचं तयार पीठ 'मासा हारिना' नावाने मिळतं.

१२. एपासोते, ॲव्होकाडोची पानं, आंचो... इथे काहीच मिळत नाही!

एपासोतेच्या वासाला तोड नाही, म्हणून त्याची नक्कल करू नका. कोथिंबिरीचे देठ आणि ओव्याची दोन पानं घाला, वेगळी पण चांगली चव येते. एपासोतेने वायू कमी होतो अशी तिकडे पक्की समजूत आहे, आपण हिंग घालतो तशीच. ॲव्होकाडोचं पान म्हणून कुठल्याही झाडाचं तोडू नका. स्वयंपाकात मेक्सिकन जातीचंच वापरतात. पाव चमचा भाजलेली बडीशेप पुरे. ग्वाहियो या वाळलेल्या मिरचीच्या जागी ब्याडगी छान चालते. आंचोचा गोडसरपणा हवा तर ब्याडगीबरोबर दोन बेदाणे वाटा.

१३. डब्यातला तयार घेवडा घेतला तर चालेल का? नोकरी करून दोन तास उकळत बसणं शक्य नाही.

नक्की चालेल. अख्ख्या दाण्यांचा घ्या, चाळणीत ओतून नळाखाली खळखळून धुवा. त्याने सोडियम सुमारे ४० टक्के कमी होतं. तयार रेफ्रितोस धुता येत नाहीत, म्हणून त्यांचं लेबल वाचा. २०२० पासून मेक्सिकोत मीठ, साखर, संपृक्त स्निग्धांश किंवा उष्मांक जास्त असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोन छापावा लागतो. तिकडचा डबा हाती आला तर तो शिक्का शोधा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात लोणचं-पापडही आलं.

१४. स्लो कुकरमध्ये रात्रभर लावून झोपले तर?

लाल राजमा कच्चा तसा कधीही लावू नका. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. चार-पाच कच्चे दाणेही पुरतात, आणि काही तासांत जोरदार उलट्या-जुलाब सुरू होतात. स्लो कुकरचं तापमान ते नष्ट करायला अपुरं पडू शकतं. किमान ५ तास भिजवा, पाणी टाका, ताज्या पाण्यात खळखळून उकळा (१० मिनिटं तरी, मी ३० करते) आणि मगच स्लो कुकरमध्ये घाला. पांढऱ्या, काळ्या घेवड्यात हे विष कमी असतं, पण मी सगळ्यांना हाच नियम लावते. आपल्या दाबाच्या कुकरमध्ये ही भीती नाही, दाणा पूर्ण शिजला म्हणजे झालं.

१५. मधुमेह आहे. खाऊ का, आणि किती?

घेवड्याने साखर हळू चढते, तंतू भरपूर असतात, त्यामुळे भाताच्या किंवा पोळीच्या जागी तो आला तर फायद्याचा. अडचण होते ती त्यांच्या*बरोबर* वर आणखी खाल्ला तर. अर्ध्या कप घेवड्यात साधारण २० ग्रॅम कर्बोदकं, मक्याच्या छोट्या तोर्तियात ११-१२. म्हणजे अर्धा कप आणि दोन तोर्तिया हे एक जेवण, सोबत भात नको. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील आणि तुम्ही भात एकदम कमी करणार असाल तर आधी डॉक्टरांना सांगा, साखर खाली जाऊ शकते.

१६. कुणी खाऊच नये असं आहे का?

मूत्रपिंडाचा विकार असेल तर पोटॅशियम आणि फॉस्फरसमुळे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायला हवं. आतडं फार नाजूक असेल तर डब्यातला धुतलेला घेवडा थोडा सोसतो.

एक अपवाद लोकांच्या लक्षात येत नाही. काही त्लाकोयोंत घेवड्याऐवजी हाबा, म्हणजे बाकला भरतात. जी-६-पी-डी या विकराची कमतरता असणाऱ्यांना बाकल्याने रक्तपेशी फुटण्याचा गंभीर त्रास होऊ शकतो. घरात कुणाला ती असेल तर बाजारात त्लाकोयो घेताना आत काय आहे ते विचाराच. राजमा-घेवड्याची जात वेगळी.

गरोदरपणात घेवड्यातलं फोलेट चांगलंच, पण वरचं ताजं चीज पाश्चराइझ केलेल्या दुधाचंच हवं, आणि एपासोते टाळा.

१७. नाचोस आणि बरीटो पौष्टिक कसे करू? मुलं तेच मागतात.

बरीटो उत्तर मेक्सिकोचा, गव्हाच्या तोर्तियाचा. तो लहान करा, आत भात भरू नका, की झालं. नाचोस पिएद्रास नेग्रास या सीमेवरच्या गावातले, १९४० च्या दशकातले. त्यासाठी तोर्तियाचे त्रिकोण ओव्हनमध्ये कडक करा, प्रश्न ६ मधले रेफ्रितोस पसरा आणि चीज वितळवण्याऐवजी किसून भुरभुरा, निम्म्यात भागतं.

१८. कांदा-लसूण चालत नाही. मग?

भाजलेला टोमॅटो, भाजलेली मिरची, जिरं आणि कोथिंबिरीचे देठ. रेफ्रितोसमध्ये कांद्याच्या जागी कोबी अगदी बारीक चिरून तसाच तांबूस परता. माझ्या जैन शेजारणीने हे शोधून काढलं आणि आता मीही अधूनमधून तसंच करते.

१९. एकदा करून किती दिवस ठेवता येतो?

रश्श्यासकट फ्रिजमध्ये ३-४ दिवस. दाणे रश्श्यात बुडालेले हवेत, नाहीतर साल सुकून फुटते. फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने सहज राहतो. मी रविवारी अर्धा किलो शिजवते आणि दीड-दीड कपाचे डबे करते. सोमवारी रश्श्यासकट वाटीत, बुधवारी रेफ्रितोस, आणि उरलेल्याचं शुक्रवारी सार. डब्यावर तारीख लिहा, आणि भरताना वर दोन बोटं जागा सोडा. गोठल्यावर रस्सा फुगतो.